अस्तर

दुर्पता रहांगडाले, वय सेहेचाळीस,
शिवणीटोला, तालुका सडक अर्जुनी.
धंदा विचारला तर म्हणाली,
"बिलाउज शिवतो. अस्तराचा भाव अलग हाये."

माझ्याकडे तिचं अस्तर आलं
बर्फात, करंगळीच्या नखाएवढं,
नळीवर आकडा एकतीस.
नागपूरच्या मॅडमचं संशोधन आहे:
ज्यांच्या पिशवीत गाठी,
त्यांच्या पिशवीचं आतलं कापड कसं वागतं.
दोन महिन्यांसाठी मला इथे बसवलंय,
नमुने गोळा करायला आणि फॉर्म भरायला.

फॉर्मवर रकाना: पाळीचा कितवा दिवस.
ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली.
मंगळवारच्या बाजारातून हुक आणले, त्या दिवशी सुरू झालं.
मधे एक मंगळवार गेला.
मग दुसरा.
"लिवा ना," म्हणाली, "हुक आणले त्या दिसापासून."
रकाना दोन आकड्यांपुरता होता.

कपडा कोणता घेता?
गिऱ्हाइकांचं उरलेलं अस्तर, दुसरं काय.
बिसेन मास्तरांच्या बायकोचं पोपटी,
आशाताईचं जांभळं,
एका नवरीचं लाल, ते बरं पडायचं.
सहा वर्षं.
कुणी म्हटलं उष्णता, कुणी म्हटलं जास्त पायडल मारते,
कुणी काहीच म्हटलं नाही आणि ब्लाउज वेळेवर मागितला.

मला कॉलेजात शिकवलं होतं ते असं:
संप्रेरक बीजकोशात होतं, रक्तातून येतं,
अस्तर बापडं ते घेतं आणि जाड होतं.
पण अस्तर नुसतं ताट वाढायची वाट बघत नाही.
दाराआड त्याची स्वतःची चूल पेटू शकते.
अरोमॅटेज नावाचं विकर
आलेल्या कच्च्या मालातून
तिथल्या तिथे इस्ट्रोजेन रांधतं.
दुसरं एक आहे, सतरा आकड्याने सुरू होणाऱ्या नावाचं,
ते जळतं लाकूड मागे ओढतं,
तेज असलेलं फिकं करून सोडतं.
एकीने सारायचं, एकीने ओढायचं.
दुर्पताच्या चुलीत कोण जास्त राबतं
ते नागपूरचं यंत्र सांगेल:
पिकोमोल, प्रति मिलिग्रॅम, प्रति तास.

"तासाले?"
हो. तासाला किती काम झालं, ते मोजतात.
"मी तासाले एक बिलाउज. लाईट असली त."
मग बऱ्याच वेळानं, खिडकीकडे बघत,
"मंजे माह्या आंगात कोणी मजुरी करून रायलं,
आन मलेच पत्ता नाही."

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
लोहाच्या गोळ्या ती गुंड्यांच्या डब्यात ठेवते,
म्हणजे हात जाता-येता आठवण होते.
परवा एका पोरीनं त्यातली एक निवडली,
म्हणाली, काकू, हीच लावा गळ्याला.
हे सांगताना ती इतकी हसली
की खुर्चीचा हात धरावा लागला,
आणि मग उठून, पाठ माझ्याकडे न करता,
मागे-मागे चालत संडासाकडे गेली.

परत आल्यावर मी खरं ते सांगितलं.
एकतीस नंबरवरून काही सिद्ध होत नाही,
तुमची गाठ आधी की ही चूल आधी, तेही नाही.
साठ बायका लागतील.
"साठ? आमच्या टोल्यावरच भेटतीन.
इचाराले कोणी आलं पायजे."

गुरुवारी ऑपरेशन.
पिशवी जाईल, गाठींसकट, चुलीसकट.
नखाएवढा तुकडा तेवढा मागे राहील.

"त्या तुकड्याचं काय करता?"
जपून ठेवतो. वजा ऐंशीत.
"मीबी ठेवतो," ती म्हणाली. "कतरन फेकत नसतो."
चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली,
दारात थांबली.
"आन लाईट गेली त?"